मधल्या खोलीतली वाट

घर विकायचं ठरल्यावर सगळ्यात आधी बाहेर निघाली ती खाट. दवाखान्यात असते तशी, दांडा फिरवला की डोक्याकडून उचलली जाणारी लोखंडी खाट. अंगावरून वारं गेल्यावर मंदाबाई दोन वर्षं तिच्यावरच होत्या, मधल्या खोलीत, खिडकीजवळ. शेवटी धाप लागली तेव्हा रूपालीनं आईला धुळ्याला, आपल्या घराजवळच्या दवाखान्यात हलवलं. तिथंच त्या गेल्या. गाडी तिथून सरळ असोद्याला, मूळ गावच्या स्मशानात. जळगावच्या या घरात मंदाबाई परत आल्याच नाहीत.

भाऊ नवीन सुरतला. त्याला सुटी मिळेना, म्हणून सगळं रूपालीच्या अंगावर आलं. होळी झाल्यापासून दर शनिवार-रविवार ती धुळ्याहून यायची. भांडी वाटून टाकली, मोरीतला गळका नळ बदलला, भिंतींना फिकट पिवळा रंग दिला.

"मधली खोली एकदम मोकळी ठेवा, ताई," घरं दाखवणारा अनुज म्हणाला. "गिऱ्हाइकाला आत शिरल्या शिरल्या मोकळं वाटलं पाहिजे."

तिनं मोकळी ठेवली. फरशी अशी पुसली, की फिरता पंखा खाली दिसायचा.

पहिलं जोडपं चाळीसगावचं आलं. नवरा स्वयंपाकघराकडे निघाला, मधल्या खोलीत आला, उजवीकडे वळला, थोडं पुढे जाऊन पुन्हा डावीकडे वळला. बायको त्याच्या मागोमाग तशीच. रूपालीला वाटलं, भिंती बघत असतील. दुसऱ्या दिवशी एक वकील आले, फोनवर कुणावर तरी खेकसत. मधल्या खोलीत पाऊल पडलं आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला. बोलता बोलता तेही तसेच वळसा घालून गेले. मग एक मोठं कुटुंब आलं. त्यातल्या म्हातारीनं जाताना पदर आवरून घेतला, कडेच्या कशात तरी अडकू नये म्हणून आवरतात तसा.

तिथं अडकण्यासारखं काही नव्हतं.

रूपालीच्या आता ध्यानात आलं. जिथं खाट होती तेवढीच जागा सगळे सोडत होते. आणि सोडतोय हे त्यांच्यातल्या एकालाही कळत नव्हतं.

मंडळी गेल्यावर ती स्वतः चालून बघायला निघाली. सरळ जायचं, असं मनाशी घोकत. स्वयंपाकघरात पोचली तेव्हा लक्षात आलं, आपणही वळूनच आलो.

अनुज खोली मोजायला टेप घेऊन आला. एक टोक तिच्या हातात देऊन तो समोरच्या भिंतीकडे गेला. टेप मध्येच वाकून काटकोनात पसरली होती, कशाच्या तरी कोपऱ्याला टेकल्यासारखी ताठ.

"अनुजभाऊ, सरळ धरा की."

"सरळच तर धरलीय," तो आकडा वाचत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचं नावही नव्हतं.

शेजारच्या कुंदाबाई चहा घेऊन आल्या. त्या मूळच्या शिरपूरकडच्या, बोलणं अहिराणी. "बठ्ठा लोक येतस, देखतस नि निंघी जातस," त्या म्हणाल्या. "घर चांगलं शे, मंग घेत का नही कोन्ही?" हे सगळं त्या कुजबुजत बोलल्या. आपण का कुजबुजतोय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

रूपालीनं प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणवल्या आणि लांबूनच ढकलत त्या जागेत सरकवल्या. दुपारी दोंडाईच्याचे कापडाचे व्यापारी रतनलाल आले. मुलानं जळगावात दुकान काढलं होतं, म्हणून त्यांना इकडे यायचं होतं. सोबत बायको, प्रेमकुंवरबाई. त्यांचे गुडघे दुखत होते, त्या भिंतीला धरून उभ्या होत्या.

"काकू, बसा ना."

प्रेमकुंवरबाईंनी खुर्च्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "नको बेटा. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"कुणाचा?"

"काय कुणाचा?" त्या गोंधळल्या. "गुडघे दुखतात, बसलं की उठवत नाही, असं म्हणाले मी."

त्या रविवारी रूपालीनं पुढचं दार लावून घेतलं आणि त्या जागेशेजारी फरशीवर बसली. आजारी माणसाच्या उशाशी बसतात तशी.

"आई, घर विकतोय आम्ही," ती म्हणाली. "तुला मी धुळ्याला नेलं होतं, आठवतं? तिथून असोद्याला नेलं. नवीननं अग्नी दिला. आता इथं तुझं काही राहिलं नाही गं."

खिडकीतल्या कूलरचं पाणी थेंबथेंब गळत होतं. बाकी काही नाही. संध्याकाळी आलेलं गिऱ्हाईकही तसाच वळसा घालून गेलं, तेव्हा तिला भीतीपेक्षा रागच आला. आईनं आपलं ऐकलंसुद्धा नाही?

पुढच्या शनिवारी प्रेमकुंवरबाई रिक्षानं एकट्याच आल्या. उंबऱ्यात टेकल्या.

"त्या दिवशी मी काय बोलले ते मला घरी गेल्यावर आठवलं," त्या म्हणाल्या. "कोण आहेत?"

"माझी आई."

"हं. आम्ही हे घर घेतोय."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"बेटा, बापलेक सकाळी दुकानात जातात ते दिवे लागल्यावर येतात. सून नोकरीला. दुपारी घर खायला उठतं मला. आत कुणी आहे, एवढंही पुरे."

"पण ती माझी आई आहे, काकू!"

"मग तू राहतेस का इथं?"

रूपालीनं नवीनला फोन लावला.

व्यवहार झाला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर रतनलालांनी घरात प्रवेश केला. पाण्याच्या मोटारीची किल्ली रूपालीकडेच राहिली होती, ती द्यायला ती त्याच दुपारी गेली. आखाजीला लेकी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. ती मान खाली घालून चालत राहिली.

दार उघडंच होतं. मधल्या खोलीत कपाट, सोफा, देव्हारा, सगळं लागलं होतं आणि खिडकीजवळ खाटेएवढी फरशी उघडी होती. तिच्या कडेला पाटावर बसून प्रेमकुंवरबाई कैऱ्या चिरत होत्या. काहीतरी बोलत, थांबत, ऐकत. मध्येच हसल्या.

"ये बेटा. हळू ये."

रूपाली दारातच थांबली. विचारू नये असं वाटत असतानाच तोंडून गेलं, "काय म्हणते ती?"

"मुलगी धुळ्याला असते म्हणाल्या. वाट बघतात तिची."

रूपाली एक पाऊल आत आली. "मी आलेय म्हणून सांगा तिला."

प्रेमकुंवरबाई मोकळ्या फरशीकडे वाकल्या, हलकेच काही बोलल्या आणि थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"विचारतायत, कोण आलंय?"

रूपालीनं आपलं नाव सांगितलं. आवाज नीट फुटला नाही, म्हणून तिनं ते पुन्हा सांगितलं, या खोलीत इतक्या दिवसांत कुणी बोललं नव्हतं इतक्या मोठ्यानं. गल्लीतल्या पोरींची गाणी थबकल्यासारखी वाटली.

प्रेमकुंवरबाई पाटासकट बाजूला सरकल्या आणि तिला जागा करून देत म्हणाल्या, "बस इथं. ओळख पटेपर्यंत सांगत राहा."