सगुणाची कॉफी आणि महाराजांचं भस्म

दर गुरुवारी सकाळी पाखाडीतल्या त्या सुपारीच्या वाडीत पाय ठेवायला जागा नसे. श्रीवर्धनहून रिक्षा भरभरून येत. काठी टेकत आलेली माणसं काठी खांद्यावर टाकून परत जात. नीराबाईला तर चार वर्षं नीट मांडी घालता आली नव्हती. ती सगळ्यांसमोर फुगडी खेळली, आणि गर्दीने असा जयजयकार केला की झाडावरची वानरं पळाली.

मधोमध पाटावर मूळनाथ महाराज बसलेले असत. समोर चूल, चुलीवर काळ्याभोर कॉफीचं पातेलं.

"चहात विष आहे! बाजारच्या कॉफीत विष आहे!" महाराज गरजत. "ते विष तुमच्या गुडघ्यात जाऊन बसलंय. ही मुळांची कॉफी आहे. मूळ जमिनीत राहतं, आणि जमीन म्हणजे कोण?"

"आई!" गर्दी ओरडे.

"आईला लेकराचं दुखणं कळतं की नाही?"

"कळतं!"

मग महाराज डोळे मिटत, कमरेच्या डबीतून चिमूटभर पांढरं भस्म काढत आणि पातेल्यात सोडत. घरी न्यायच्या पुड्यांमध्येही ते भस्म असे, पण ते मिसळायचं काम आत, बंद दाराआड, मौन पाळून चाले.

गर्दीच्या कडेला पोतं टेकून सगुणा हे सगळं बघत उभी असे. पोत्यात त्या आठवड्याची भाजलेली पूड असायची, कारण ती कॉफी मुळात तिचीच होती.

अकरा वर्षं ती हरिहरेश्वरला देवळाच्या वाटेवर ही कॉफी विकत आली होती. कणगराच्या कंदाचे पातळ काप कडकडीत वाळवायचे, मंद जाळावर तांबूसकाळे होईतो परतायचे, खाली उतरवताना उपळसरीची, म्हणजे अनंतमुळाची, वासाची मुळं टाकायची आणि दळायचं. रंग कणगराचा, वास उपळसरीचा. चहा सोडलेली पुण्यामुंबईची माणसं विचारत, "मावशी, यात कॅफीन नाही ना?" सगुणा म्हणे, "न्हाय वो, नुसती मुळं हायेत." कुणी दुसऱ्यांदा येई, कुणी येत नसे. असंच एकदा महाराज आले, दोन कप प्याले आणि म्हणाले, "बाई, सगळा माल मला दे." सगुणाने विचार केला, उन्हात बसणं तरी सुटेल.

तिचा नवरा बुधाजी दोन्ही गुडघ्यांनी जेरीस आला होता. महाराजांची पुडी सुरू केली आणि आठ दिवसांत तो बांधावर चढला. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच दिवशी पाण्याची कळशी उचलताना तिच्या स्वतःच्या गुडघ्यातून कळ गेली, आणि ती तिथेच थबकली. अकरा वर्षं आपण हीच कॉफी पितोय. रोज, दोन वेळा. मग आपले गुडघे का दुखतात?

तिने बुधाजीची पुडी बोटावर घेऊन चाटली. तिच्या कॉफीचा कडूपणा भाजल्याचा होता, गिळला की सरायचा. हा कडूपणा वेगळाच होता, जिभेला चिकटून राहिला.

"अवो, ह्यात कायतरी हाय," ती म्हणाली.

"भस्म हाय. आनि काय असनार?"

"कसलं भस्म?"

"तुला काय करायचं गो? मी चालतोय ते बघवत न्हाय काय तुला?"

तिने पुडी बांधून परत डब्यात ठेवली.

चार महिन्यांत बुधाजीचं तोंड भाकरीसारखं गोल झालं. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. पोट सुटलं, हातपाय मात्र काटक्या झाले. नुसतं दाराला घासलं तरी दंडावर काळानिळा डाग पडे. पायाची एक जखम दीड महिना भरत नव्हती. महाराज म्हणाले, "जुनं विष बाहेर पडतंय."

शेवटी सगुणाने कुणाला न सांगता एक गोष्ट केली. बुधाजीच्या डब्यातली पूड काढून कपाटात ठेवली आणि डब्यात स्वतःची साधी पूड भरली. खरंच मुळांचा गुण असेल तर काही फरक पडणार नाही, एवढाच तिचा हिशेब.

तिसऱ्या दिवशी गुडघे धरले. पाचव्या दिवशी सकाळी बुधाजी उलट्या करत ओटीवर आला आणि उभ्याचा खाली कोसळला. अंग घामाने थंडगार. हाक मारली तर डोळे उघडेना.

श्रीवर्धनच्या दवाखान्यात डॉक्टर मृणाली होत्या. तिशीतल्या, बोलायला तुटक, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी रक्तदाब बघितला, त्याचं गोल तोंड बघितलं, दंडावरचे डाग बघितले.

"कुठली गोळी अचानक बंद केली?"

"गोळी न्हाय वो. नुसती काफी."

"मावशी, खरं सांगा. वेळ नाहीये."

सगुणाने सगळं सांगितलं आणि रडू लागली. "मीच बदलली पूड. मीच मारलं ह्यांना."

डॉक्टरांनी आधी सुई टोचली, सलाईन लावलं, आणि बुधाजीने डोळे उघडेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मग सगुणाजवळ बाकावर बसल्या.

"त्या भस्मात बहुतेक स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात. गोळी स्वस्त असते. सूज उतरते, दुखणं थांबतं, भूक लागते. माणसाला वाटतं, चमत्कार झाला. पण शरीर स्वतः एक द्रव्य बनवत असतं, ते बाहेरून मिळायला लागलं की बनवणं थांबवतं. मग बाहेरचं एकदम बंद झालं की माणूस असा पडतो."

"मग आता सुईत काय दिलंत?"

डॉक्टर थकल्यासारखं हसल्या. "त्याच जातीचं औषध. ते हळूहळू कमी करत न्यावं लागेल. औषध वाईट नाही, मावशी. पण ते मोजून द्यावं लागतं आणि देतोय ते सांगावं लागतं. कपाटातली पुडी आणा, तुमची साधी पूडही आणा. दोन्ही तपासायला पाठवू."

सगुणा उठली आणि पुन्हा बसली. "डाक्टरीणबाई, येत्या गुरवारी माज्यासंगं चला. त्यात आजून शंभर मानसं हायेत."

गुरुवारी सगुणा पोतं न घेताच वाडीत गेली. मागून डॉक्टर. महाराजांनी लांबूनच हात वर केला.

"ये, सगुणे. बुधाजीचं ऐकलं. श्रद्धा कमी पडली!"

"श्रद्धा न्हाय, गोळी कमी पडली," सगुणा म्हणाली. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं, पण समोरची माणसं वळून बघू लागली. "मुळं माजी, कढई माजी, भाजनारी मी. अकरा वर्स हीच काफी पितेय. माजे गुढगे सुजलेले हायेत, बघा. मग गुन मुळांचा कसा?"

"भस्माचा महिमा आहे, बाई!"

"मग आमाला पन सांगा, भस्म कशाचं हाय? ही डाक्टरीन आलीय. चिमूटभर तिच्या हातावर ठेवा."

महाराजांचा हात कमरेच्या डबीवर गेला आणि तिथेच राहिला. "अपवित्र हाताला हे भस्म लागलं तर तो हातच जळून भस्म होईल!"

"होऊ दे की. मी तयार आहे," असं म्हणत डॉक्टरांनी तळहात पुढे केला.

कुणीतरी हसलं. महाराज उठून आत गेले आणि दाराला कडी लागली.

सगुणाला वाटलं होतं, लोक चिडतील, दार तोडतील. तसं काहीच झालं नाही. नीराबाई तिच्यावरच धावून आली. "दुखायचं थांबलं व्हतं ना माजं? तुला काय झालं मधे पडायला?"

"नीरे, तुजं तोंड बघ आरशात. माज्या घरच्यांचं असंच झालं व्हतं."

नीराबाईचा हात आपसूक गालाकडे गेला.

"पुडी एकदम बंद करू नका!" डॉक्टर गर्दीला सांगत होत्या. "दवाखान्यात या, पुडी घेऊन या. आपण ती हळूहळू सोडवू." त्या दिवशी सहाच माणसं आली. बाकीची दारासमोर बसून राहिली.

रविवारी वाडी रिकामी होती. महाराज कुठे गेले, कुणालाच कळलं नाही. पुढे तपासणीचा कागद आला. सगुणाच्या पुडीत नुसती मुळं निघाली. महाराजांच्या पुडीत मुळं आणि स्टिरॉइड. पोलिसांत तक्रार झाली. महाराज अजून सापडलेले नाहीत. कुठेतरी दुसऱ्या नावाने दुसरं पातेलं उकळत असेल.

बुधाजी घरी आला. गुडघे दुखतात, व्यायाम करतो, काठी घेऊन चालतो. दवाखान्याबाहेर गोल तोंडांची रांग महिनोन्‌महिने लागत राहिली. त्या रांगेत नीराबाईही होती. एक आजोबा डॉक्टरांना रोज विचारत, "आनि दुसरा कुनी म्हाराज हाय काय हो, त्याच गुनाचा?" डॉक्टर रोज तेच उत्तर देत, "गुण औषधाचाच होता, आजोबा. ते इथे मोजून मिळतं."

सगुणा पुन्हा हरिहरेश्वरला बसू लागली. या वेळी तिने श्रीवर्धनच्या छापखान्यातून पुड्यांवर चिकटवायला कागद छापून आणले. मजकूर बघून छापणारा म्हणाला, "मावशी, असं स्वतःच्या मालावर कुणी लिहितं का?"

"तू छाप."

कागदावर लिहिलं होतं: 'भाजलेल्या कणगराची आणि उपळसरीची कॉफी. कॅफीन नाही. याने कोणताही रोग बरा होत नाही. चवीला चांगली लागते.'

परवा एका गिऱ्हाइकाने ते वाचून हसत विचारलं, "मग घ्यायची कशाला?"

"आवडली तर घ्या," सगुणा म्हणाली. "आनि कुनी गुन येतो म्हनून कायबी प्यायला दिलं, तर आधी त्याला इचारा, ह्यात काय घातलंस? जो सांगत न्हाय, त्याचं पानीसुद्धा पिऊ नका."