ओळख दाखवायची नाही

गोदामात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत, आणि तेही तोंडावर. नासका बटाटा, फुगलेला डबा, मुदत संपलेलं दूध, असलं काही तिच्या हाताखालून पुढे सरकलंय असं कधी झालं नाही. दुकानांतून उरलेला आणि शेतांवर आकार वाकडा म्हणून नाकारलेला माल ट्रक भरभरून फूड बँकेत यायचा. ती आणि तिच्यासोबतच्या बायका तो निवडायच्या, खोक्यांत भरायच्या आणि खोकी गरजूंना फुकट द्यायला आसपासच्या गावोगावच्या वाटप केंद्रांवर जायची. “आपण खाऊ ते लोकांना द्यायचं, आपण टाकू ते नाही,” हे तिचं पालुपद. नव्या माणसाला ते सकाळी पाठ व्हायचं आणि दुपारपर्यंत त्याचा कंटाळा यायचा.

तिच्या पालुपदाखेरीज तिथे एक नियमही होता. रांगेत ओळखीचं माणूस दिसलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्यानं दाखवली तर दाखवायची. एकदा एका नव्या बाईनं रांगेतल्या आपल्या जुन्या शेजारणीला, “अगं बाई, तू इथे?” म्हणत मिठीच मारली. शेजारीण हसली, खोकं घेऊन गेली आणि पुन्हा कधी आली नाही. तिच्या घरी लहान पोरं होती. चाळणीनं त्या नव्या बाईला फैलावर घेतलं. “तू माया दाखवलीस आणि पोरांच्या तोंडचा घास गेला. कळतंय का?” बोलायला काय जातं? हाच नियम उद्या आपल्याच उरावर बसेल, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं!

तिला एक धाकटा भाऊ होता. आईवडील गेल्यावर दोघं एकमेकांना तेवढी उरली. तो एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी. दर रविवारी बहिणीकडे यायचा, पिशवीभर काहीतरी आणायचा आणि स्वतःच शिजवायचा, कारण चाळणीच्या हातचा स्वयंपाक म्हणजे देवाचं नाव घेऊन गिळायची गोष्ट. मग कारखाना बंद पडला, कँटीन गेलं आणि धाकटा यायचा थांबला. फोन उचलेना. खोली बदलली, पत्ता कळवला नाही. भांडण असतं तर बरं होतं, भांडण मिटवता तरी येतं. हा नुसता लाजून लपला होता. रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात उभं राहायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय उगाच? तिला त्याचा राग यायचा आणि राग ओसरला की रडू यायचं. रविवारी अजूनही ती दोघांपुरती भाजी निवडायची आणि मग सोमवारीही तीच खायची.

एक दिवस गोदामाचा ड्रायव्हर तिच्याजवळ येऊन घुटमळला. तो तिच्याच गल्लीतला, धाकट्याला ओळखणारा.

“बाई, सांगावं की नाही कळत नाही. तुमचा भाऊ आपल्या सगळ्यात लांबच्या केंद्रावर असतो. गुरुवारच्या रांगेत. मी ओळख दाखवली नाही.”

“वाळलाय?”

“वाळलाय.”

“बरं केलंत, नाही बोललात ते,” ती म्हणाली आणि हातातला चांगला कांदा तिनं नासक्यांच्या टोपलीत टाकला.

त्या दिवसापासून लांबच्या केंद्राची खोकी तिनं स्वतःकडे मागून घेतली. कुठलं खोकं कुणाच्या हाती पडेल ते देवालाही ठाऊक नसतं, मग काय करणार? तिनं सगळीच खोकी भावाची म्हणून भरली. घट्ट टोमॅटो, कोवळा पालक, खडा नसलेली मसूर. एका भावापायी अख्खं गाव चांगलं जेवायला लागलं. पण जीव काही भरत नव्हता. त्याला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. आणि पाहायला जावं तर धास्ती ही, की ती दिसली म्हणून तो रांगेतून निघून जायचा आणि पुन्हा यायचाच नाही. मग खाणार काय?

तेवढ्यात फूड बँकेच्या डाएटवाल्या मॅडमनी एक टूम काढली. लोक खोक्यातली बिस्किटं नेत आणि भोपळा, बीट, मसूर गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवून जात. कसं शिजवायचं ते माहीत नाही, कशाला ओझं वाहायचं? म्हणून केंद्रावरच टेबल मांडायचं, शिजवून दाखवायचं, चव द्यायची. लांबच्या केंद्राच्या गुरुवारी नेमकी शिजवून दाखवणारी बाई आजारी पडली. “मी जाते,” चाळणी म्हणाली. टेबलामागे कामाला उभी असली, तर ती त्याच्यासाठी आली असं त्याला वाटणार नव्हतं. सगळ्या बायका हसल्या. “तू? तुला पाणी तरी उकळता येतं का?” पण दुसरं कुणी पुढे आलं नाही.

केंद्र म्हणजे एक जुना हॉल. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मधून रांग. दारापाशी तिचं टेबल, शेगडी, मोठं पातेलं. पातेल्यात मसूर आणि भोपळा, वरून पालक. मॅडम लोकांना मीठ-तेलाबद्दल सांगत होत्या. आणि धाकटा आला. शर्ट इस्त्रीचा, आत माणूस अर्धा. त्यानं तिला पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबला.

तिनं मान खाली घातली. समोर घेवड्याच्या बियांचं ताट होतं, हात आपोआप त्यात गेले आणि ती निवडायला लागली. आयुष्यभराची खोड. चमचा पातेल्यात उभा आणि ही बाई खडे शोधतेय! तो गेला की राहिला, बघायची छाती होईना. करपल्याचा वास आधी रांगेला आला, मग मॅडमना, तिला सगळ्यांच्या शेवटी.

“जळतंय.” आवाज जवळूनच आला.

ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याला ती म्हणाली, “हो का? बघते हं. तुम्ही रांगेत उभे राहा.”

त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग बाह्या वर केल्या आणि टेबलाला वळसा घालून आत आला.

“सर गं. आणि तळ खरवडू नकोस!”

त्यानं वरचंवरचं दुसऱ्या पातेल्यात काढलं, पाणी घातलं, लसूण वेगळा परतून वरून ओतला, लिंबू पिळलं. लोकांनी चव घेतली, वाट्या पुन्हा पुढे केल्या. एका आजीबाईंनी तर भोपळा कसा चिरायचा तेही विचारून घेतलं. चाळणी नुसती शेजारी उभी. त्याच्या कोपराचा धक्का लागत होता आणि तेवढ्यानं तिचं मन भरत होतं.

“हे आपले नवीन आचारी का?” मॅडमनी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. हात पुसले आणि जाऊन रांगेच्या शेपटाला उभा राहिला.

त्याची पाळी आली तेव्हा हॉल रिकामा होत आला होता. खोकं तिनंच उचललं आणि त्याच्यामागून दाराबाहेर गेली.

“घरी ये रे.”

“हाताला काम लागू दे, येतो.”

“आणि तोवर? मी एवढी भरल्या गोदामात उभी असते, आणि माझ्या भावाला माझ्या हातचा एक घास नाही मिळत. मला गोड लागत नाही रे काही.”

त्यानं खोकं तिच्या हातून घेतलं, झाकण थोडं उचललं, आत पाहिलं.

“माझ्या खोलीशेजारीच दुसऱ्या एका संस्थेचं केंद्र आहे,” तो म्हणाला. “तिथल्या टोमॅटोला हात लावला की बोट आत जातं. इथलं खोकं पहिल्यांदा उघडलं ना, तेव्हाच ओळखलं कुणाच्या हाताखालून आलंय ते. म्हणून चालत एवढ्या लांब येतो. तुझ्याच हातचं खातोय की मी, रोज.”

एवढं बोलून त्यानं खोकं खांद्यावर घेतलं आणि निघाला. रविवारचं तो काही बोलला नाही, आणि तिनंही मागून हाक मारली नाही.