आयोना का पडते

आमचे पाळक ऑगस्टस प्रवचन नुसतं सांगत नाहीत. सुरुवात साध्या बोलण्याने होते, मग शब्दांना हळूहळू चाल लागते, मी ढोलावर हात ठेवतो, आणि बघता बघता सगळं प्रार्थनाघर गाऊ लागतं. स्वर्गात रविवारी असंच गाऊन प्रवचन होत असावं, देवाकडे माझं एवढंच मागणं आहे. पाळकांच्या प्रत्येक ओळीची झील माझी बायको आयोना धरते. उभ्याने. झील धरणारीने बसायचं नाही, असा दंडकच आहे.

ही आयोना वर्षभरापासून ऐन रंगात आलेल्या प्रवचनात कोसळू लागली. ओळ अर्धी राहायची, डोळे फिरायचे आणि ती खाली. बायका तिच्याखाली पांढरी चादर सरकवायच्या, आत्मा उतरला म्हणून टाळ्या वाजवायच्या. आमच्या बेटावर, सेंट थॉमसच्या डोंगरात, आत्मा अंगात येणं नवलाचं नाही, पण दर रविवारी एकाच बाईच्या? अभिमानाने माझा ढोल जरा जास्तच वाजे.

आयोनाला मात्र ते पटेना.

"हा आत्मा नाही, एनॉस," ती घरी मला म्हणाली. "आत्मा येऊन गेला की पोट भरल्यासारखं वाटतं. हे झालं की कुणी पिळून दोरीवर वाळत घातल्यासारखं होतं. आणि परवा मी पोस्टाच्या रांगेत पडले. आत्म्याचं पोस्टात काय काम?"

शिवाय नुसती उभी राहिली तरी तिचं काळीज धडधडे, पावलं जांभळी पडत, बोलता बोलता शब्द हरवत. शेजारणीकडे जायची आणि कशाला आले तेच विसरून चहा पिऊन परत यायची.

मदर व्हर्नीस आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत मोठ्या. कापणीच्या सणाला आयोनाला निळा फेटा बांधून आपल्या शेजारी बसवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. तो मान एरवी केस पिकल्यावर मिळतो. तयारी म्हणून त्यांनी तिचं मीठ बंद केलं. मीठ माणसाला जड करतं. गुलाम करून या बेटावर आणलेले वाडवडील मीठ खात नव्हते तेव्हा उडत समुद्रापार आपल्या घरी जायचे, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आयोना निमूटपणे अळणी उकडलेली केळी आणि अळणी रताळी खाऊ लागली. मीही तिच्याबरोबर खाल्ली, पण कामावर गेलो की खारा मासा चापत असे.

ती आता दुप्पट पडू लागली. मदर खूश. म्हणाल्या, पोर हलकी होतेय.

"डोक्याला फेटा बांधून घेतला आणि हे दुखणं निघालं, तर देवासमोर डोक्यानेच खोटं बोलल्यासारखं होईल," आयोना मला म्हणाली. "आधी मला कळलं पाहिजे."

मग आमचे दवाखाने सुरू झाले. एकाने रक्त कमी सांगितलं, ते तपासलं तर भरपूर निघालं. दुसऱ्याने डोक्याचा फोटो काढला. डोकं छान होतं. तिसरा म्हणाला, बाईंचा स्वभाव हळवा आहे, घरात कटकट आहे का? आणि माझ्याकडे बघितलं. परतीच्या बसमध्ये आयोना इतकी हसली की तेवढ्यानेच भाडं वसूल झालं.

शेवटी डॉक्टर हेन्रिकेस नावाच्या बाई भेटल्या. त्यांनी आयोनाला आधी निजवून नाडी मोजली, मग भिंतीला टेकून नुसतं उभं केलं. नाडी उधळलेल्या घोड्यासारखी पळायला लागली. उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, ते वर पोचवताना काळीज धावतं, आणि तेही पुरं पडेनासं झालं की माणूस कोसळतं, असं त्यांनी समजावलं. मग जेवणाचं विचारलं. मिठाचं ऐकून त्यांनी चष्माच काढला.

"बाई, तुम्हाला मीठ जास्त हवंय. मीठ आणि पाणी. आणि घट्ट मोजे. हे उपवास कुणी सुचवले?"

"फार पवित्र बाईंनी," आयोना म्हणाली.

आता पेच आमच्या घरात आला. मीठ खाल्लं आणि आत्मा कायमचा निघून गेला तर? आयोना रात्रभर कूस बदलत राहिली. रविवारी सकाळी उठून तिने खारा मासा न भिजवताच कढईत टाकला, वर तांब्याभर पाणी प्यायलं, मोजे चढवले आणि वाटेत मदरच्या दारात थांबून सगळं सांगून टाकलं. मदर छत्री उघडून पुढे चालू लागल्या.

त्या दिवशी पाळकांनी वादळात सापडलेल्या बोटीचं प्रवचन लावलं होतं. शीड फाटलं, लाटा चढल्या, चाल लागली. चादरवाल्या बायका तयारीत उभ्या. आयोना पावलं दाबत, टाचा उचलत झील धरत होती. पडली नाही. चादर धरून बायकांचे हात अवघडले. आणि मग कुठूनतरी ते आलं. तिचा आवाज वर गेला, पाळकांच्या ओळीच्याही पुढे, आणि ती दोन्ही पायांवर गिरक्या घेत, डोळे उघडे ठेवून, गातच राहिली. मी वाजवत होतो की ढोल मला वाजवत होता, देव जाणे.

बोट किनाऱ्याला लागली तेव्हा आयोना घामाने निथळत होती. "पोचली होय," ती मला हळूच म्हणाली. "वर्षभर माझ्या सगळ्या बोटी बुडतच होत्या."

मदर व्हर्नीस तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय वाटतंय?"

"पोट भरल्यासारखं, मदर."

मदरनी तिचं मनगट धरलं, बराच वेळ. मग आपल्या शेजारची खुर्ची ओढून झील धरणारीच्या जागी स्वतः नेऊन ठेवली.

"थकलीस की बसायचं," त्या म्हणाल्या. "फेटा सणालाच बांधीन. आणि त्या डॉक्टरीणबाईंना विचार, म्हातारीला किती मीठ चालतं. सकाळी उठले की मलाही अंधारी येते."