बाविसावा थर

ताईला बोलण्यासाठी एक विंडोज लागतं, आणि तेही जुनं. तेरा वर्षांपूर्वी तिला झटका आला. त्यात वाचा गेली, हातपाय गेले. डावा अंगठा तेवढा राहिला. त्या अंगठ्याखाली एक बटण बसवलेलं आहे. समोरच्या पडद्यावर शब्दांच्या ओळी असतात आणि एक पिवळी चौकट ओळीओळीनं खाली सरकत राहते. ताईनं बटण दाबलं की ओळ ठरते, मग चौकट त्या ओळीतल्या शब्दांवरून चालू लागते. पुन्हा दाबलं की तो शब्द संगणक मोठ्यानं म्हणतो.

आवाज माझ्या भाचीचा, म्हणजे ताईच्या मुलीचा. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आईसाठी तिनं एका सुट्टीत चारशे शब्द म्हणून ठेवले. पहिल्या ओळीतला पहिला शब्द 'अहो'. मुलीनं बापाला अहो म्हणायचं, त्यामुळे तिला हसू आवरेना. सात-आठ वेळा करून झालं, तेव्हा भाऊजीच म्हणाले, राहू दे, बायको हसून हाक मारतेय असं तरी वाटेल. तसंच ते राहिलं. भाऊजी घरात कुठंही असले तरी ती हाक ऐकू आली की 'आलो, आलो' करत यायचे. दहाव्या ओळीत एक शब्द खास माझ्यासाठी होता, 'घाबरट'. तो भाचीनं अगदी मनापासून म्हटला होता.

मी घाबरट आहे हे खरंच. आयुष्यभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि आपल्या हातून एक राहिली तर आठवडाभर झोपायचं नाही, असा तो धंदा. भाऊजी गेल्यापासून मी ताईपाशी राहतो.

नऊ वर्षांपूर्वी शब्दांचा मूळ संगणक मेला. शब्दांचा प्रोग्रॅम बनवणारे केव्हाच दुकान बंद करून बसले होते, आणि नव्या विंडोजवर तो चालेना. तेव्हा संगणक दुरुस्त करणारा एक मनुष्य आला. घरात सगळे त्याला मेकॅनिक म्हणत. त्यानं मेलेल्या संगणकाच्या डिस्कवरचं जुनं विंडोज होतं तसं उचलून दुसऱ्या संगणकाच्या पोटात ठेवलं. संगणकाच्या आत संगणक, आणि आतल्याला आपण कुणाच्या पोटात आहोत याचा पत्ताच नाही. जाताना त्यानं मला एक बटण दाखवलं, स्नॅपशॉटचं. काही बदल करायच्या आधी हे दाबा, काका, म्हणजे चूक झाली तर परत मागे येता येईल.

चूक झाली तर परत मागे येता येईल, असं मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. मी ते बटण दाबत राहिलो. नवा शब्द घालायच्या आधी दाबलं, अक्षरं मोठी करायच्या आधी दाबलं, नुसती धूळ पुसायच्या आधीही एकदा दाबलं. प्रत्येकाची नोंद वहीत आहे, क्रमांक आणि तारखेसकट. 'चौतीस: पहिला शब्द काढण्यापूर्वी.' ही भाऊजी गेल्यानंतरची. पंधरा दिवस ताईचा अंगठा त्या ओळीवर जाऊन थांबायचा. मग एक दिवस तिनं एकेक शब्द जुळवून मला सांगितलं, पहिलं काढ. मी काढलं आणि त्या जागी भाचीकडून 'ऐक' म्हणवून घेऊन बसवलं. तेव्हापासून ताई मला 'ऐक' म्हणून बोलावते.

गेल्या महिन्यात तो संगणक आतून टकटक वाजू लागला. भाचीनं दुसऱ्या शहरातून नवा पाठवला. त्यावर पोटात विंडोज ठेवणारा जुना प्रोग्रॅम बसेना. मेकॅनिक आता लांब राहायला गेलाय. फोनवर म्हणाला की दुसऱ्या बनावटीचा प्रोग्रॅम घ्या, जुन्या मशीनचं फोल्डर त्यावर न्या, त्यातली डिस्क नव्या धाटणीत बदलून घ्या. फोल्डरातलं सगळं उचला, हे त्यानं दोनदा सांगितलं.

सगळं, हा शब्द मी ऐकला होता. फोल्डरात एक भलीमोठी फाइल होती आणि तिच्याच नावापुढे आकडे घातलेल्या त्रेसष्ट लहान. मला वाटलं, मोठं ते छापून झालेलं पुस्तक आणि लहान ते खर्डे. खर्डे मी कधी टाकत नाही, पण आधी पुस्तक सुरक्षित करावं. ती एक फाइल पेनड्राइव्हवर यायला सकाळचे चार तास लागले. जुना संगणक तसाच चालू ठेवून मी नव्यावर बसलो.

पहिल्यांदा नुसता निळा पडदा आला, आणि परत सुरुवात, परत निळा पडदा. मेकॅनिक म्हणाला, आतल्या विंडोजला डिस्क जुन्या पद्धतीनं जोडलेली दाखवा, ते घाबरलंय. तसं केल्यावर ते उठलं. मग शब्दांचा प्रोग्रॅम परवाना मागू लागला, कारण त्याच्या दृष्टीनं घर बदललं होतं. जुन्या नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरांचा क्रमांक मी वहीत लिहून ठेवला होता. तो नव्या मशीनला दिला. मला त्या क्षणी स्वतःविषयी बरं वाटलं, आणि मला स्वतःविषयी बरं वाटलं की काहीतरी बिघडतंच.

शब्दांच्या ओळी उघडल्या. पहिल्या ओळीत पहिला शब्द होता 'अहो'.

'ऐक' कुठंच नव्हता. नातवाचं नाव नव्हतं. गेल्या नऊ वर्षांत घातलेला एकही शब्द नव्हता. मी मेकॅनिकला फोन केला.

"काका, स्नॅपशॉट किती घेतलेत?"

"त्रेसष्ट."

"मोठा बदल करायच्या आधी दाबा म्हणालो होतो. श्वास घ्यायच्या आधी नव्हे."

मग त्यानं मला समजावलं, आणि ते मला लगेच समजलं, कारण माझ्याच धंद्यातलं होतं. मोठी फाइल हाच पहिला खर्डा. स्नॅपशॉट घेतला की तिला कुणी हात लावत नाही. पुढचे बदल तेवढे नव्या लहान फाइलीत लिहिले जातात, त्यापुढचे तिच्या पुढच्या फाइलीत. एकावर एक थर. म्हणजे लहान फाइली याच दुरुस्त्या होत्या. जन्मभर दुरुस्त्या करणाऱ्यानं दुरुस्त्या मागे ठेवून चुकांचं बाड उचललं होतं.

दुपारी मी जुन्या संगणकाकडे धावलो. तो सकाळपासून टकटकत चालूच होता. एक ते एकवीस फाइली आल्या. बाविसावी अर्ध्यावर थांबली. मी तिच्याकडे पाहत बसलो, जणू नजर हलवली की ती पडेल. मग टकटक थांबली. मला आधी हायसं वाटलं, तो आवाज थांबला म्हणून. पण ती डिस्कच थांबली होती. पुढे दोन दुकानांत दाखवली. पहिल्यानं कानाशी धरून मान हलवली. दुसऱ्यानं उघडली आणि आतली चकती मला दाखवली. तिच्यावर गोल चरा होता, नखानं ओढल्यासारखा. बाविसावी नाही म्हटल्यावर तेविसावीला पाय ठेवायला जागा नाही, आणि तिच्यावरच्या चाळीस फाइली हवेत.

हे तीन दिवस ताई गप्प होती. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, एवढंच. पहिल्या दिवशी मी तिला हसून सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत होईल. दुसऱ्या दिवशी ती अंगठा खुर्चीच्या हातावर आपटू लागली. तिला काहीतरी सांगायचं होतं. मी बाराखडीचा तक्ता घेऊन बसलो आणि एकेक अक्षर म्हणू लागलो. 'प'ला तिनं डोळे मिटले. मग काने, मात्रा. पा. मी विचारलं, पाणी? दोनदा मिटले. पाय? दोनदा. पान उलटू? पाखरू आलंय खिडकीत? माझी अक्कल इथपर्यंत पोचली होती. पुढचं अक्षर परत 'क'पासून म्हणायला लागलो, तर तिचे डोळे मिटले ते मिटलेच. दमली होती, की माझा कंटाळा आला होता, कोण जाणे. डोळ्यांच्या कडेनं पाणी येत होतं. मी ते पुसलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन वही उघडून बसलो, जणू त्रेसष्ट ओळींपैकी एखादीत उत्तर असेल.

रात्री भाचीचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मामा, जेवढी आहे तेवढी आई परत आण."

तिसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकनं फोनवर एकेक आज्ञा सांगितली आणि मी एकेक अक्षर त्याला परत वाचून दाखवत टाइप केलं. एकवीस थर पहिल्या फाइलीत मुरवायचे होते. पडद्यावर टक्के चढत होते. बासष्टवर ते इतका वेळ थांबले की मी पंखासुद्धा बंद केला, त्याचा काय उपयोग ते मला माहीत नाही. दुपारी बारा वाजता काम संपलं. नवीन डिस्क, जुनी जोडणी, वहीतला क्रमांक. विंडोज उठलं. सहा वर्षांपूर्वीचं.

वहीत एकविसाव्यापुढे लिहिलं होतं, 'अक्षरे मोठी करण्यापूर्वी.' तेव्हा भाऊजी होते. नातू जन्मला नव्हता. पहिल्या ओळीत पहिला शब्द 'अहो' होता.

तो काढून टाकायचा, मगच ताईसमोर पडदा फिरवायचा, असं मी ठरवलं होतं. पण नवं मशीन अंगठ्याचं बटण ओळखतंय का, हे आधी पाहायला हवं होतं. मी वायर जोडली. ताईचा अंगठा बटणावर होताच. चौकट पहिल्या ओळीवर येताच तिनं दाबलं, पुन्हा दाबलं. तिला मला बोलवायचं होतं. पडदा न पाहताही ती जागा तिच्या अंगठ्याला पाठ होती.

"अहो," संगणक म्हणाला, आणि पुढे ते दाबलेलं हसू.

मी उभाच राहिलो. ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तिचा अंगठा वर उचललेला तसाच होता.

चूक माझी आहे, आत्ता काढतो, असं काहीतरी मी पुटपुटलो. माउस घेतला, त्या शब्दावर नेला. खरंच काढायचं का, अशी चौकट आली. माझी नजर सवयीनं स्नॅपशॉटचं बटण शोधू लागली. तेवढ्यात पिवळी चौकट सरकू लागली. दुसरी ओळ, तिसरी.

"नको."

मी हात काढून घेतला आणि पडदा तिच्याकडे फिरवला. चौकट परत वरून निघाली. पाचव्या ओळीत थांबली, तिथून उजवीकडे गेली.

"पाठ."

मी तिच्या पाठीमागे हात घातला. उशीच्या खोळीची गाठ तिच्या कण्याशी रुतलेली होती. तिथली कातडी लाल होऊन फुटायच्या बेतात होती. काल मी तिला पाखरू आलंय का विचारत होतो.

उशी बदलली, मलम लावलं, तिला पलंगावर कुशीवर निजवलं, पडदा समोर आणला आणि बटण पुन्हा अंगठ्याखाली दिलं. मग मेकॅनिकनं बजावलेलं आठवलं. सगळ्यात आधी हे मशीन पूर्ण बंद करा आणि त्या फाइलीच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. चालू मशीनची प्रत धड येत नाही. म्हणजे ताईची वाचा आणखी काही तास काढून घ्यायची. आणि नाही घेतली, तर हीच एकुलती एक प्रत, नवख्या संगणकात, माझ्या हाताखाली.

"ताई, हे थोडा वेळ बंद करू का? प्रत करायचीय," मी विचारलं. "नाहीतर परत गेलं तर काहीच उरणार नाही."

चौकट निघाली. दहाव्या ओळीशी आली तेव्हा मी 'घाबरट'साठी तयार होतो. ती ओळ गेली. खाली जाऊन चौकट परत वरून आली, आणि चौथ्या ओळीत अंगठा दाबला गेला.

"थांब."

मी मशीन चालूच ठेवलं आणि खुर्ची ओढून बसलो. चौकट पुन्हा पहिल्या ओळीवर आली होती.