दारापुढे उभी केलेली भिंत

मी एक जुनी भिंत आहे आणि मित्रांनो, खरं सांगते, मी फार भित्री आहे. हसू नका. विटांच्या भिंतीला पाया असतो, एकदा उभी राहिली की तिला कसला घोर नसतो. मी पडले ॲल्युमिनियमच्या चौकटीची, फळ्यांची, उचलून दुसरीकडे लावता येणारी भिंत. कुणी माझ्या खिट्टीला हात लावला की, आता कुठे नेतात कोण जाणे, असं अजूनही वाटतं.

मी पहिल्यांदा उभी राहिले ती इंदूरमधल्या एका बंद पडलेल्या कापड गिरणीत. त्या काळात शहरातल्या गिरण्या एकामागून एक बंद होत होत्या आणि बाहेरदेशची यंत्रं, नव्या कंपन्या येऊ लागल्या होत्या. आमच्या गिरणीचं विणकामाचं दालन एका औषध कंपनीनं घेतलं. तिला तिथे नवी औषधं शोधण्यासाठी प्रयोगशाळा करायची होती. कोपऱ्यांत अजून कापसाचे पुंजके चिकटलेले होते. जुने कामगार फाटकापाशी येऊन, गिरणी परत चालू होते आहे का, म्हणून विचारायचे आणि मान खाली घालून निघून जायचे. एवढ्या कामाच्या माणसांची ही गत, मग माझी काय होईल, असं मला वाटायचं.

प्रयोगशाळेचा नकाशा वास्तुरचनाकार अंबिका मॅडमनी काढला. त्यांचे वडील याच गिरणीत क्लार्क होते. कंपनीचे व्यवस्थापक जयसिंगराव त्यांना म्हणाले, "मॅडम, पक्क्या भिंती का नाही बांधत? हे हलवायचं झंझट कशाला?"

"जयसिंगरावजी, आज इथे गोळ्यांचं काम चालेल, पुढच्या साली सिरपचं. शोध कुठे जाईल, आपल्याला काय मालूम? दर वेळी तोडफोड करणार का? टेबलांना चाकं लावू, पाणी, वीज, गॅस सगळं छतातून खाली आणू आणि भिंती खिट्ट्यांवर ठेवू. जशी जरूरत तशी खोली."

मग त्या मागच्या दाराजवळ गेल्या. आग लागली तर बाहेर पडायचं ते दार. त्याच्यासमोर फरशीवर त्यांनी पिवळा पट्टा मारून घेतला. "बाकी काहीही हलवा. पण या पट्ट्याच्या पुढे भिंत आणायची नाही. आणि खिट्ट्या दोन्ही बाजूंनी, नुसत्या हातानं उघडल्या पाहिजेत. त्यांना तेल देत चला."

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. पाहुणे यायचे. विष्णू त्यांच्यासमोर मला उचलून एका खोलीच्या दोन करून दाखवायचा. विष्णू पूर्वी गिरणीत फिटर होता, आता प्रयोगशाळेची देखभाल त्याच्याकडे होती. "चल माझी माय, थोडी सरक," म्हणत तो खिट्ट्या काढायचा. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि माझा मात्र जीव टांगणीला लागायचा. तरी नवीन जागी पाय टेकले की बरं वाटे. कुणाच्या तरी कामाला आपण जागा करून दिली, याचा आनंद होई.

पुढे काम वाढलं. आधी एक मोठा फ्रिज आला, म्हणून मला थोडं मागे सरकवलं. मग नवी टेबलं आली, आणखी मागे. शेवटी परदेशातून पावडर सुकवायचं यंत्र आलं, कपाटाएवढं. ते काही मावेना. विष्णू पिवळ्या पट्ट्यापाशी थबकला. "साहेब, मॅडम तर नाही म्हणाल्या होत्या."

"अरे भिया, यंत्र काय अंगणात ठेवू?" जयसिंगराव म्हणाले. "थोडं सरकव. नवीन शेड झाली की परत घेऊ."

विष्णूनं मला पट्ट्याच्या पलीकडे नेऊन उभी केली, अगदी दाराला खेटून. नंतर फरशीवर नवी रबरी चटई अंथरली, पट्टा दिसेनासा झाला. माझ्या वरच्या भागात काच होती, तिच्यातून मागचं दार दिसायचं; ऊन येतं म्हणून तिच्यावर खाकी कागद चिकटवला. नवीन शेड काही झाली नाही. माझ्या खिट्ट्यांना तेल मिळेना, आम्लाच्या वाफेनं त्या गंजू लागल्या. नवीन आलेल्या माणसांना माझ्यामागे दार आहे हेच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. रोज सकाळी माणसं आत आली की मी मोजायला लागे, आणि संध्याकाळी शेवटचं माणूस बाहेर पडेपर्यंत माझ्या जिवात जीव नसे. मित्रांनो, आपल्याला धोका दिसतो आहे आणि तोंड नाही, याहून वाईट भीती मला ठाऊक नाही.

तेव्हाच निधी प्रयोगशाळेत कामाला आली. इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याची मुलगी, शहरात भंवरकुआं भागातल्या होस्टेलात राहायची. माझ्यापाशीच तिचं टेबल होतं. काम करताना स्वतःशीच बडबडायची, "हे का नाही विरघळून राहिलं? विरघळ ना बाबा." मला ती फार आवडायची, आणि म्हणून तिच्यासाठी सगळ्यात जास्त भीती वाटायची.

एका दुपारी बाकीचे जेवायला गेले होते. निधीच्या हातून चटकन पेट घेणाऱ्या द्रावकाची बाटली निसटली आणि द्रव तापलेल्या शेगडीपर्यंत वाहत गेला. भक्कन ज्वाळा उठल्या, तिच्या आणि पुढच्या दाराच्या मधोमध. ती मागे हटली आणि तिची पाठ माझ्यावर आदळली. "कुणी आहे का?" ती खोकत ओरडली. मी तिच्या वाटेत उभी होते. मला स्वतःच्या अंगाचा इतका राग कधी आला नव्हता.

बाहेर विष्णूला धूर दिसला. तो पुढच्या दाराकडे गेलाच नाही. दालनाला वळसा घालून धावत आला, मागचं दार बाहेरून ओढलं आणि माझ्या खिट्ट्यांना भिडला. वरची निघाली. खालची गंजून बसली होती.

"निधी बेटा, खाली लाथ मार. जोरात मार."

तिनं लाथ मारली. मी हलले नाही. मी मनात म्हणत होते, मोड मला, पोरी, मोड. तिनं पुन्हा मारली, विष्णूनं बाहेरून पहार घातली आणि माझी चौकट कडाडून फुटली. तो तिला माझ्यावरून फरफटत अंगणात घेऊन गेला. तिचा डावा हात भाजला होता. बराच वेळ ती नुसती श्वास घेत बसली.

जयसिंगराव अंगणात तिच्यासमोर उभे राहिले. "मीच सरकवायला सांगितलं होतं," ते म्हणाले. नंतर अंबिका मॅडम आल्या. त्यांनी दारासमोरची जागा मोकळी करून घेतली आणि यंत्र दुसऱ्या खोलीत हलवलं. निधी बऱ्याच महिन्यांनी कामावर आली. विष्णूच्या बोलण्यातून कळतं, आता टेबलाशी बसण्याआधी ती मागचं दार उघडते, बाहेर पाऊल टाकते आणि मगच परत येऊन काम सुरू करते.

मला मात्र कुणी दुरुस्त केलं नाही. मी गोदामात, मोडक्या खुर्च्यांशेजारी टेकून आहे. त्याचं मला दुःख नाही. भीती अजून वाटते, पण ती माझ्यासाठी नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेलाही मागचं दार असेल. त्याच्यापुढे मोडके बाक, जुना फळा, खेळाचं सामान रचून ठेवलेलं असेल. उद्या जाऊन बघा. काही ठेवलेलं दिसलं तर गुरुजींना सांगा. ते म्हणतील, नंतर बघू. तेव्हा दार मोकळं होईपर्यंत तिथून हलू नका.