आई कानात जे म्हणायची

निकिता पुढे आली, टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकवले आणि म्हणाली, "मी चार वर्षांची हुते तवा..."

मागच्या बाकांवरून हसू आलं. फार मोठं नव्हतं, वाईट मनाचंही नव्हतं. हसणाऱ्यांतली निम्मी पोरं स्वतःच्या घरी असंच बोलत असतील. पण निकिता थांबली ती थांबलीच. पुढचं वाक्य तिला काही केल्या आठवेना.

पाथर्डीच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्राचे सेमिनार असायचे. प्रत्येकाने पुस्तकातली एक संकल्पना घ्यायची आणि घरातल्या एखाद्या प्रसंगावरून ती वर्गाला समजावून सांगायची. निकिताच्या वाट्याला सामाजीकरण आलं होतं, म्हणजे मूल माणसांत वावरायला कसं शिकतं ते. आज नुसता सराव होता. खरा सेमिनार पुढच्या आठवड्यात, पालकांसमोर.

तास सुटल्यावर सविता मॅडमनी तिला थांबवून घेतलं.

"प्रसंग चांगला निवडलास, आईचा. आता तो नीट लिहून काढ. आईची वाक्यंसुद्धा प्रमाण भाषेत घे, म्हणजे कोणी हसणार नाही."

"आईचीबी?"

"आईचीसुद्धा." मॅडम पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत राहिल्या. "मलाही असंच सांगितलं होतं कुणीतरी. बरं पडतं पुढे."

प्रसंग साधाच होता. तिसगावच्या बाजारात, नळाच्या पाण्याने झालेल्या चिखलात लहानगी निकिता पालथी पडली होती. भाजीवाल्या बायका बघायला लागल्या. तिला रडू फुटणार तोच आईने वाकून तिच्या कानात काहीतरी म्हटलं आणि ती उठून चालायला लागली. पडल्याचं दुखणं आपलं असतं, पण पडल्याची लाज लोकांच्या नजरेतून येते, हे ती त्या दिवशी शिकली. तसं तिला मांडायचं होतं. पुढेही कितीदा तरी आईने तेच म्हटलं होतं. गणितात मार्क गेले तेव्हा, मैत्रिणीने बोलणं टाकलं तेव्हा. निकिता बारावीत असताना आईला कावीळ झाली आणि ती गेली. मोबाईलमध्ये तिचा एकच व्हिडिओ होता. त्यात ती बोलत नाही, पदराने तोंड झाकून नुसता हात हलवते.

निकिताने वहीत लिहिलं, 'ऊठ बाळा, कोणीही पाहिलेलं नाही.'

मग ती ते पाठ करायला लागली. घरामागे गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून म्हणायची, तिसगावहून निघालेल्या एसटीत मनातल्या मनात म्हणायची. वडील अजिनाथ नागापूरला एका वर्कशॉपात लेथवर होते आणि तिथेच खोली करून राहत. संध्याकाळी त्यांचा फोन आला की ती त्यांनाही सगळं म्हणून दाखवायची. ते मधे एक शब्द बोलत नसत.

"लई भारी झालंय," एकदा ते म्हणाले.

"लई नाही अण्णा. खूप." ती हसली. "आणि तिथं आल्यावर मॅडमपुढं हाय-न्हाई करू नका हां."

पलीकडे मशिनचा आवाज चालूच होता.

"बरं," अजिनाथ म्हणाले. "न्हाई करनार."

सेमिनारच्या दिवशी ते सुट्टी टाकून आले. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसले. निकिता एकदाही अडखळली नाही. आईचं वाक्य आलं तेव्हा कोणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या मोनिकाने तर ओढणीने डोळे टिपले. निकिताने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. अण्णा खाली फरशीकडे बघत होते.

टाळ्या झाल्यावर मॅडम त्यांच्याजवळ गेल्या.

"मुलीने छान केलं हो."

अजिनाथ उठून उभे राहिले, हात जोडले. "आपण शिकवलंत," ते म्हणाले. आणि परत बसले. ते दोन शब्द त्यांनी वाटेत घोकले असावेत, असं निकिताला वाटलं.

परतीला दोघांना एकच गाडी होती. निकिता तिसगावला उतरणार, ते पुढे नगरला जाऊन नागापूर गाठणार. गाडी पाथर्डीच्या बाहेर पडली. दोन्ही बाजूंना उघडी माळरानं लागली.

"आवडलं का अण्णा?"

"हो. खूप चांगलं झालं."

ती खिडकीला डोकं टेकून बसली. आता घोकायचं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने सहज आईचा आवाज आठवून पाहिला. कानाजवळचा उबदार श्वास आठवला. मिश्रीचा वास आठवला. आवाज मात्र वहीतलंच वाक्य म्हणत होता. आई तिला कधी बाळा म्हणत नसे. मग काय म्हणायची? बाय? बये? की आधी 'ऊठ' आणि मग दुसरंच काही? तिने डोळे मिटून पुन्हा पाहिलं. पुन्हा वहीतलंच वाक्य आलं, स्वच्छ, एकही काना-मात्रा न चुकता.

"अण्णा," ती सरळ होऊन बसली. "आई खरं कसं म्हनायची वो?"

"तू सांगितलंस तसंच."

"तसं न्हाई. तिचा शब्द येगळा हुता."

अजिनाथांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण शेजारच्या सीटवर कॉलेजची पोरं बसली होती. ते पुन्हा समोर बघायला लागले.

"आता हेच बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळ्यांना समजलं."

तिसगावला ती उतरली. खिडकीतून वाकून ते म्हणाले, "सावकाश जा. आजीची काळजी घे." गाडी गेल्यावरही ती थोडा वेळ तिथेच उभी होती.

आजी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. निकिता पिशवी न ठेवताच तिच्यापुढे बसली.

"आजे, मी रडाया लागले की आई काय म्हनायची गं?"

आजीने हातातली शेंग खाली ठेवली. तिने मान हलवली.

"आमाला कुटं ऐकू यायचं बाई? ती तुज्या कानातच बोलायची. तुज्या बापानंबी इच्यारलं हुतं मला, मागल्या आठवड्यात. म्हनला, पोरीला काय सांगायची ती, तुला ठावं हाय का."

निकिताने पुढ्यातली एक शेंग उचलली, फोडली, आणि दाणे तसेच हातात धरून बसली.

दिवेलागणीला फोन वाजला.

"मी पोहोचलो आहे," अजिनाथ म्हणाले.

"बरं झालं," निकिता म्हणाली. मग आवाज मुद्दाम सैल सोडून, घरातला करून तिने विचारलं, "तुमी जेवलात का न्हाई?"

"आता जेवणार आहे." एकेक शब्द ते जपून ठेवल्यासारखा ठेवत होते. "तुम्ही दोघी जेवलात का?"

"व्हय."

अजिनाथ फार मायेने म्हणाले, "हो म्हणावं, निकिता. सवय राहू दे."

चुलीपाशी आजी भाकरी थापत होती. निकिताने तिच्याकडे पाठ केली.

"हो," ती म्हणाली.