वीतभर खाली

वीणाने सर्व्हिससाठी चेंडू उडवला आणि कोर्टाच्या जाळीबाहेर उभी तिची कोच अलकनंदा एक पाऊल पुढे सरकली. चेंडू नेहमीपेक्षा वीतभर खाली होता.

फरीदाबादच्या क्लबात मॅच बघायला आलेली मंडळी चहा पीत होती, त्यांना काय कळणार? चेंडू खाली उडवला की उजवा हात पुरता वर न्यावा लागत नाही आणि खांद्याचं दुखणं समोरच्या पोरीपासून लपतं. ही युक्ती अलकनंदाचीच. बारा वर्षं ती देशोदेशी व्यावसायिक टेनिस खेळली, त्यातली शेवटची तीन या युक्तीवर आणि इंजेक्शनांवर रेटली. मागे एकदा कौतुकाने तिने ती वीणालाही शिकवली. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

इंजेक्शनांचं मात्र ती कुणाला बोलली नव्हती. खेळ का सोडला विचारलं तर म्हणायची, "कंटाळा आला." केस का कापले विचारलं तर, "बरं पडतं." उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, साधी वेणी घालता येत नाही, हे सांगायची तिला लाज वाटे.

वीणाचे वडील जयंत पाण्याची बाटली घेऊन शेजारीच उभे होते. केंद्राच्या मंत्रालयात नोकरी, आज खास रजा टाकलेली.

"जयंतराव, पोरीचा खांदा दुखतोय."

"थोडासा. सकाळी इंजेक्शन दिलंय ना. अच्छा डॉक्टर आहे. आज जिंकली की टीममध्ये सिलेक्शन पक्कं."

"कितवं इंजेक्शन?"

जयंत बाटलीचं झाकण फिरवत राहिले. "तिसरं."

"थांबवा तिला. माझा खांदा असाच गेला."

ते हसले. "काय अलकाताई, तुम्ही तर कंटाळून सोडलंत ना? सगळ्यांना तेच सांगता."

अलकनंदाने नजर कोर्टाकडे वळवली. सरळ आत जाऊन मॅच थांबवायला हवी होती. पण गेली नाही. खोटं कशाला बोला, पोरगी जिंकत होती आणि ते बघताना तिलाही बरं वाटत होतं. वीणाने शेवटचा गुण घेतला तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती अलकनंदानेच.

सोमवारी सकाळी वीणा सरावाला आली. कमरेपर्यंतची वेणी गेली होती, केस कानापाशी कापलेले.

"अगं, केस कुठे गेले?"

"कापले, मावशी." वीणा बुटाची नाडी बघत म्हणाली, "बरं पडतं."

 चेंडूंची टोपली अलकनंदाने पायानेच बाजूला सारली.

"इकडे बघ." तिने उजवा हात उचलला. खांद्याच्या रेषेत येऊन तो थांबला. "एवढाच जातो. सोळा वर्षं झाली. कंटाळा-बिंटाळा काही आला नव्हता मला."

वीणाने रॅकेट डाव्या हातात घेतली.

"आता तू."

"मावशी, मी बिल्कुल ठीक आहे."

"वर कर."

वीणाने रॅकेट खाली ठेवली. हात सावकाश वर निघाला, खांद्याशी आला आणि अडला. तिने एकदा अलकनंदाकडे पाहिलं. मग डाव्या हाताने उजवं कोपर खालून धरून ती हात वर ढकलू लागली.